चढाची प्रतीक्षा : घाट, शर्यत आणि कथन

सायकलच्या व्यावसायिक शर्यतीतला डोंगरी टप्पा प्रत्यक्षात पार पडण्याच्या कितीतरी आधी सांगितला गेलेला असतो. चढ किती किलोमीटरांचा, चढण किती टक्क्यांची, कोणत्या वळणावर रस्ता एकाएकी उभा राहतो, मागे कोण कोठे खचला आणि यंदा कोण खचेल, हे सारे चाहत्याला आधीच ठाऊक असते. या ठाऊक असलेल्या गोष्टींच्या बळावर तो अद्याप न घडलेल्या गोष्टीची वाट पाहत रस्त्याच्या कडेला तासन् तास उभा राहतो. या वाट पाहण्याला इतिहास आहे. क्रीडेतिहासात तो सहसा आढळत नाही, कारण क्रीडेतिहास निकालांचा असतो. वाङ्मयेतिहासातही त्याला स्थान नाही, कारण वाट पाहणारा माणूस लिहीत नाही. तरीही कथनमीमांसेला ज्या प्रश्नांत रस असतो त्यांपैकी काही प्रश्न, उदाहरणार्थ पूर्वज्ञान आणि उत्कंठा यांचा संबंध, कथनाचा वेग, श्रोत्याचा वाटा, इथे जितक्या उघडपणे दिसतात तितके ते छापील संहितेत क्वचितच दिसतात. हे प्रश्न तूर द फ्रान्सच्या संदर्भात मांडून मग बोरघाटाकडे आणि तेथून बारामती-इंदापूरच्या सपाटीकडे येणे, हा प्रस्तुत लेखाचा मार्ग आहे. सपाटीवर येऊन चढाचा विचार करणे विपरीत वाटेल. परंतु चढाची प्रतीक्षा दख्खनमध्ये कोणत्या प्रकारची आहे, याचा उलगडा त्या सपाटीवरच होतो.

आरंभी 'घाट' या शब्दासंबंधी थोडे. मराठीत घाट म्हणजे डोंगर उतरण्या-चढण्याची वाट, नदीकाठच्या पायऱ्या, भांड्याची वा दागिन्याची घडण, आणि समीक्षेच्या परिभाषेत साहित्यकृतीचे रूप. 'आकृतिबंध' आणि 'रूपबंध' हे शब्द रुळल्यावरही कथेचा 'घाट' हा प्रयोग टिकून राहिला. शिवाय एखाद्या कार्याचा घाट घातला जातो, म्हणजे ते घडण्याआधी त्याची खटपट आणि बोलाचाली सुरू होते. व्युत्पत्तीच्या आधारे या सगळ्या अर्थांची एकच मोळी बांधण्याचे कारण नाही. मात्र घाट चढण्याआधी घाट घातला जातो, एवढे सत्य भाषेनेच सुचवून ठेवले आहे, आणि पुढील विवेचनाला ते पुरेसे आहे.

फ्रान्समध्ये या प्रतीक्षेचा जन्म वृत्तपत्राच्या पोटी झाला. 'लोतो' या क्रीडा-दैनिकाचे संपादक आंरी देग्रांज यांनी १९०३ मध्ये तूर द फ्रान्स सुरू केली ती 'ल व्हेलो' या प्रतिस्पर्धी पत्रावर मात करण्यासाठी. पहिल्या वर्षी सहा टप्पे आणि एकूण २,४२८ किलोमीटर अंतर होते. इतकी लांबलचक शर्यत सलग पाहणे कोणालाही शक्य नव्हते. रस्त्याकडेच्या माणसाला धुळीचा लोट आणि त्यातून सरकून जाणाऱ्या आकृत्या दिसत. शर्यत नावाची जी अखंड वस्तू होती ती अंकाच्या पानावरच होती. ज्याने घटना घडवली त्यानेच ती सांगितली, आणि सांगता यावी म्हणूनच घडवली. 'ल व्हेलो' १९०४ मध्ये बंद पडले. कथनाची अशी संपूर्ण मालकी कादंबरीकाराखेरीज फारशी कोणाला लाभलेली नाही.

डोंगर या कथनात थोडे उशिरा आले. १९०५ मध्ये व्होझ पर्वतातील बालाँ दाल्झास हा चढ शर्यतीत आला. खरी कलाटणी १९१० मध्ये पिरेनीजच्या समावेशाने मिळाली. त्या वर्षी तुरमालेची पाहणी करण्यासाठी देग्रांज यांचे सहकारी आल्फाँस स्तेनेस गेले असता ते बर्फात अडकले, रात्र अंधारात भटकण्यात गेली, आणि शोधायला निघालेल्या माणसांनी त्यांना कसेबसे गाठले. त्यानंतर त्यांनी पॅरिसला तार केली ती रस्ता उत्तम व जाण्याजोगा असल्याची. २,११५ मीटर उंचीच्या या खिंडीविषयी शर्यतीच्या परंपरेत जो पहिला मजकूर तयार झाला तो असा धडधडीत खोटा होता. या खोटेपणाकडे निव्वळ लबाडी म्हणून पाहणे पुरेसे नाही. डोंगर कसा आहे याचे वर्णन त्या तारेत नव्हते. डोंगर शर्यतीत आणता येईल अशी ती ग्वाही होती. भाषा येथे वस्तुस्थितीच्या मागून जात नव्हती, तिच्यासाठी रस्ता तयार करीत होती. त्या वर्षीच्या लुशाँ ते बायोन या ३२६ किलोमीटरांच्या टप्प्यात ऑबिस्कच्या चढावर ओक्ताव्ह लापीझ याने आयोजकांना खुनी म्हटल्याची आख्यायिका शर्यतीच्या प्रत्येक इतिहासात सांगितली जाते. तो टप्पा त्यानेच जिंकला आणि शर्यतही. त्याची शिवी त्याच कथनाने गिळून आपल्या वैभवात जमा केली, हे पुढच्या काळाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे. १९११ मध्ये गालिबिए आला तेव्हा देग्रांज यांनी त्याचे जे स्तोत्र लिहिले त्यापुढे आधीचे सारे चढ फिके पडले. चढ आता रस्त्याचा भाग राहिला नव्हता, त्याला नाव आणि शील प्राप्त झाले होते.

परंतु वृत्तपत्राने सांगितले म्हणून लोक डोंगरावर जाऊन उभे राहिले, हे स्पष्टीकरण अपुरे आहे. लोक सपाटीवरही उभे राहू शकले असते, आणि राहतातही. मग गर्दी चढावरच का होते? उत्तर अत्यंत साधे आणि भौतिक आहे. सपाट रस्त्यावर सायकलपटूंचा घोळका ताशी ४५ किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगाने निघून जातो. दहा टक्क्यांच्या चढणीवर तोच वेग विशीच्या आसपास किंवा तिच्याही खाली येतो. घोळका फुटतो, माणसे एकेकटी होतात, चेहरे दिसतात, श्वास ऐकू येतो. चढण जितकी तीव्र तितके पाहणे सुलभ. जेरार जनेत याने कथनकाल आणि घटनाकाल यांच्या प्रमाणावरून सारांश आणि दृश्य असा जो भेद १९७२ मध्ये मांडला, त्याचे याहून स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही. सपाटी हा शर्यतीचा सारांश आहे आणि चढ हे तिचे दृश्य. चाहता डोंगरावर जातो तो कथन जेथे थबकणार आहे त्या ठिकाणी. ते ठिकाण त्याला आधीच माहीत असते, हा त्याचा वाचकापेक्षा अधिकचा लाभ.

रोलां बार्थ याने 'मिथॉलॉजीज' (१९५७) या संग्रहात तूर द फ्रान्सवर एक निबंध लिहिला आहे. मराठी अभ्यासकांच्या परिचयाचा बार्थ बहुतांशी इंग्रजी भाषांतरातला. १९७२ साली इंग्रजीत आलेल्या निवडक आवृत्तीत कुस्तीवरचा निबंध होता, सायकल शर्यतीवरचा नव्हता. तो १९७९ मध्ये दुसऱ्या संग्रहातून इंग्रजीत आला. यामुळे मल्लयुद्धाचा बार्थ आपल्या चर्चांत वरचेवर उद्धृत झाला आणि शर्यतीचा बार्थ मागे राहिला. भाषांतरकाराच्या निवडीने एखाद्या विचारवंताची प्रतिमा कशी आकारते, याचे हे एक लहानसे उदाहरण. त्या निबंधात बार्थ शर्यतीला महाकाव्य मानतो. सायकलपटूंची नावे ही वीरांच्या बिरुदांसारखी असतात, ती उच्चारताच गुणांची यादी पुरी होते. भूगोल होमरच्या काव्यातल्यासारखा सजीव असतो. आणि व्हाँतू हा उघडाबोडका पर्वत तर बळी मागणारा दुष्ट देवच होतो. दहा वर्षांनी, १३ जुलै १९६७ रोजी, त्याच पर्वताच्या चढावर टॉम सिम्प्सन हा इंग्रज सायकलपटू कोसळून मरण पावला. रूपक इतके भयंकर खरे ठरल्यामुळे बार्थच्या वाचनाला भविष्यवाणीचे तेज चढले. त्याची तपासणी मात्र त्यामुळे मागे पडली.

तपासणी करायची तर दोन गोष्टी नोंदवल्या पाहिजेत. बार्थ वाचतो ती वृत्तपत्रांची शर्यत; वळणावर सकाळपासून बसलेला, शिदोरी सोडणारा, डांबरी रस्त्यावर चुन्याने नाव लिहिणारा माणूस त्याच्या निबंधात नाही. मिथक कोण तयार करते हे तो दाखवतो, त्याची वाट कोण पाहते हे दाखवत नाही. दुसरे असे की, निसर्ग हा शत्रू आणि चढ हा त्याचा हल्ला, ही मांडणी त्याला सार्वत्रिक वाटते. ती तशी आहे की विशिष्ट परंपरेची आहे, हा प्रश्न सह्याद्रीच्या कुशीत उभे राहिल्यावर टाळता येत नाही.

हान्स रॉबर्ट याऊस याची 'अपेक्षांचे क्षितिज' ही संकल्पना येथे अधिक उपकारक ठरते. कोणतीही कृती रिकाम्या मनापुढे येत नाही. पूर्वीच्या कृतींनी आखलेल्या रेषेवर ती येते आणि त्या रेषेला धक्का देते किंवा तिच्याशी जुळून जाते. सायकल शर्यतीत हे क्षितिज अक्षरशः दिसते : टप्प्याच्या आदल्या दिवशी छापल्या जाणाऱ्या उंचसखलतेच्या आलेखात. १९३३ पासून चढांसाठी वेगळी गुणपद्धती आणि वेगळे पारितोषिक आल्याने शर्यतीत दोन कथा समांतर चालू लागल्या. एक विजेत्याची, दुसरी डोंगरावर प्रथम पोहोचणाऱ्याची. पहिल्याच वर्षीचा गिरिविजेता व्हिसेन्ते त्रुएबा हा एकूण शर्यतीत पहिला नव्हता. चढाची प्रतीक्षा अंतिम निकालापासून येथे सुटी झाली.

हीच रचना मुंबई–पुणे सायकल शर्यतीत आढळते. या शर्यतीत पुण्याला प्रथम पोहोचणाऱ्याचा मान वेगळा आणि बोरघाट प्रथम चढणाऱ्याचा 'घाटाचा राजा' हा किताब वेगळा. तूरच्या मापाने बोरघाट लहानच. खोपोली समुद्रसपाटीपासून शंभर मीटरांच्याही आत, खंडाळा साडेपाचशेच्या आसपास. तुरमालेच्या तुलनेत हा पायथाच म्हणायचा. पण अपेक्षेची उंची मीटरांत मोजत नाहीत. मुंबईकडून येणाऱ्या मार्गावर पनवेलपासून खोपोलीपर्यंतचा सारा रस्ता घाटाच्या दिशेने कलंडलेला असतो, आणि घाट संपल्यावर लोणावळ्यापासून पुण्यापर्यंतचे अंतर एखाद्या दीर्घ उत्तरकथेसारखे उरते.

बोरघाटाला सायकलच्या आधीचा बराच इतिहास आहे आणि तो प्रेक्षकाच्या पायाखाली असतो. जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना १८३० मध्ये येथून गाडीरस्ता खुला झाला. १८५६ मध्ये सुरू झालेले रेल्वेचे काम १८६३ मध्ये पुरे झाले. पंचवीस बोगदे, सदतिसास एक अशी चढण, आणि पटकी व अपघात यांत दगावलेले हजारो मजूर. घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळाची कथा सर्वश्रुत आहे. साहेबाला वाट सापडेना, ती शिंग्रोबा धनगराने आपल्या जनावरांच्या चालीवरून दाखवली, आणि वाट दाखवल्याबद्दल त्याचाच जीव गेला. कथेला कागदाचा आधार किती, हा वेगळा विषय. लोकस्मृतीने घाटाचे श्रेय अभियंत्याला न देता मेंढपाळाला दिले, हे येथे महत्त्वाचे. जाणारी-येणारी वाहने तेथे नाणे टाकतात, हात जोडतात. बार्थच्या व्हाँतूप्रमाणे येथेही चढाला बळी गेला आहे. परंतु बळी घेणारा डोंगर नव्हे, माणूस आहे, आणि देवत्व डोंगराला न मिळता बळीला मिळाले आहे. मराठी समीक्षेने बार्थचे रूपक जसेच्या तसे उचलले तर नेमका हाच फरक हातून निसटेल.

'घाटाचा राजा' या किताबाचेही असेच. तो फ्रेंच वा इंग्रजी बिरुदाचे भाषांतर म्हणून समजावून सांगता येईल, पण पुणे जिल्ह्याच्या खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ या पट्ट्यात हाच किताब बैलगाडा शर्यतीत दिला जातो. तेथे शर्यतीच्या चढत्या धावपट्टीलाच घाट म्हणतात. गाडे एकेक करून सुटतात आणि सेकंदांचा हिशेब लागतो. सायकलच्या परिभाषेत बोलायचे तर ही वैयक्तिक वेळचाचणी. दक्षिणेला सातारा-सांगलीच्या बाजूला गाड्या एकत्र सुटतात आणि तेथे शब्द 'मैदान' असा आहे. ७ मे २०१४ च्या निर्णयाने सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती थांबवल्या, १६ डिसेंबर २०२१ रोजी त्यांना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मधली सात वर्षे धावपट्ट्या ओस होत्या, बोलाचाली मात्र थांबली नव्हती; कोणता बैल कोणत्या घाटात काय करील, याची चर्चा घटनेवाचून चालू राहिली. प्रतीक्षा घटनेवर किती थोडी अवलंबून असते याचा हा पुरावा मानता येईल. प्राण्यांच्या वेदनेचा प्रश्न या चर्चेने सुटत नाही, हेही नमूद करणे भाग आहे.

मुंबई–पुणे शर्यतीच्या बाबतीत एक उणीव ठळक आहे. फ्रान्समध्ये शर्यतीचा मालक आणि तिचा निवेदक एकच होता, म्हणून प्रतीक्षेचे दस्तऐवज तयार झाले : पूर्वकथा, भाकिते, नकाशे, चढांची स्तोत्रे. मराठी वृत्तपत्रांत शर्यत आली ती मुख्यतः निकालाच्या बातमीच्या रूपाने, म्हणजे घाट संपल्यानंतर. घाटाच्या आधीचे बोलणे बोलण्यातच राहिले. पुण्यासारख्या, सायकलींचे शहर म्हणून ख्याती पावलेल्या गावात या बोलण्याला तोटा नसणार. पण ते साहित्य झाले नाही, आणि साहित्य न झाल्यामुळे इतिहासही झाले नाही.

आता सपाटीकडे. बारामती आणि इंदापूर हे पुणे जिल्ह्याचे आग्नेय तालुके. कऱ्हा, नीरा आणि भीमा यांच्या आधाराने, कालव्याच्या पाण्याने उसाखाली आलेला हा मुलूख. येथे बोरघाट नाही. मात्र आषाढी वारीच्या वाटेवर, या मुलखाच्या उंबरठ्यावर, रोटी घाट आहे. देहूहून निघालेली तुकाराम महाराजांची पालखी पाटस सोडल्यावर हा घाट चढते, उंडवडी गवळ्याची येथे मुक्काम करते, आणि मग बारामती, काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी अशी नीरेकाठपर्यंत जाते. पालखी सोहळ्याचा आरंभ परंपरेने १६८५ मध्ये, तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांच्याकडे दिला जातो. वारीवरची मराठीतील दोन प्रसिद्ध लेखने, इरावती कर्वे यांचा 'वाटचाल' हा लेख आणि दि. बा. मोकाशी यांचे 'पालखी' (१९६४), ही दोन्ही आळंदीच्या वाटेवरची. दिवेघाट त्यामुळे मराठी वाचकाच्या मनात चढला, रोटी घाट चढला नाही. वास्तविक प्रतीक्षेच्या अभ्यासाला हा लहान घाटच अधिक उपयोगी आहे, कारण त्याच्या चढात फारसा पराक्रम नाही.

रथाला चढासाठी जादा बैलजोड्या जुंपल्या जातात. दिंड्यांचा वेग मंदावतो, टाळमृदंगाचा गजर दाट होतो, दोन्ही अंगांच्या उतारांवर आसपासच्या गावांतले लोक सकाळपासून येऊन बसलेले असतात. दृश्याचे सगळे घटक फ्रान्समधल्या डोंगरावरचेच आहेत : तीव्र चढण, मंद झालेली गती, आधीपासून जागा धरून बसलेला प्रेक्षक, काही मिनिटांचे दर्शन आणि काही तासांची प्रतीक्षा. उणा आहे तो एकच घटक. काय होणार हा प्रश्न येथे कोणाच्या मनात नाही. रथ चढणार आहे. गेल्या वर्षी चढला, पुढच्या वर्षी चढेल. उत्कंठेचे कारणच नसताना एवढी प्रतीक्षा कशासाठी, हा कथनमीमांसेपुढचा खरा पेच आहे. अनिश्चितता हेच कथनाचे इंधन, असे मानणाऱ्या कोणत्याही उपपत्तीला येथे थांबावे लागते.

पुढे बेलवाडी आणि इंदापूर येथे गोल रिंगण होते, आणि तेथे तर शर्यतीचे संपूर्ण रूप शर्यतीच्या आशयावाचून उभे राहते. पताकाधारी धावतात, तुळशी वृंदावन घेतलेल्या स्त्रिया धावतात, विणेकरी धावतात. शेवटी दोन अश्व सुटतात, एकावर पताका घेतलेला स्वार, दुसऱ्याची पाठ मोकळी, कारण त्यावर संत आरूढ आहेत अशी श्रद्धा. अश्व एकमेकांचा पाठलाग करतात, गर्दीचा आवाज शिगेला पोहोचतो, आणि ते थांबल्यावर टापांखालची माती कपाळाला लावली जाते. निकाल लागत नाही. काटेवाडीला पालखीला पायघड्या घातल्या जातात आणि रथाभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. धनगराची मेंढरे पुन्हा एकदा वाटेच्या कथेत येतात, शिंग्रोबाच्या कथेत यावीत तशी, पण या वेळी कोणाचा जीव न जाता. दोन्ही ठिकाणी वाटेचे ज्ञान आणि वाटेवरचा मान यांचा संबंध मेंढपाळाशी जोडला गेला आहे, याची नोंद लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी घ्यायला हवी.

निकाल ठाऊक असलेल्या गोष्टीची वाट पाहणे हा व्यवहार बारामतीला वाङ्मयातूनही परिचित होता. मोरोपंत (१७२९–१७९४) यांचे आयुष्य येथे, बाबूजी नाईकांच्या आश्रयाने गेले. त्यांच्या श्रोत्याला महाभारताची कथा सांगायची नव्हती, ती त्याला येत होती. परंपरा त्यांना १०८ रामायणांचे कर्तृत्व देते. त्यांतल्या निरोष्ठ रामायणात ओष्ठ्य वर्ण वर्ज्य आहेत. 'राम' या शब्दातला मकारच ओष्ठ्य असताना रामकथा सांगायची, ही अट म्हणजे कवीने स्वतःपुढे मुद्दाम उभी केलेली चढण होय. श्रोता वाट पाहतो ती राम वनात जाईल की नाही याची नव्हे. या अटीसह कवी त्या प्रसंगापर्यंत कसा पोहोचतो याची. मोरोपंतांवर कृत्रिमतेचा आक्षेप घेणाऱ्या आधुनिक समीक्षेने कादंबरीची उत्कंठा हा मानदंड गृहीत धरला आणि कीर्तन-पुराणाच्या श्रोत्याची प्रतीक्षा हिशेबात घेतली नाही. या आक्षेपात तथ्य नाही असे नव्हे. पंतांच्या पुष्कळ रचना आज केवळ कसरती वाटतात. पण कसरत पाहायला जमणारी गर्दी ही वाङ्मयेतिहासातली वस्तुस्थिती आहे, आणि तिचे स्पष्टीकरण अभिरुचीच्या ऱ्हासाने होत नाही.

येथून एक सोयीची विभागणी करता येईल : पाश्चात्त्य शर्यतीत अज्ञाताची प्रतीक्षा, वारीत ज्ञाताची. ती स्वीकारता येत नाही. तूरचा चाहता वर्षानुवर्षे त्याच चढाच्या त्याच वळणावर येतो. आल्प द्युएझची एकवीस वळणे क्रमांकांनी ओळखली जातात आणि तेथल्या गर्दीपैकी अनेकांना कोण जिंकले हे घरी गेल्यावर कळते. जिंकणाऱ्याचे नाव त्यांना नको असते असे नाही, पण ते तेथे येतात ते चढ चढला जाताना पाहण्यासाठी. उलट वारीत अज्ञात भरपूर असते. पाऊस, बैलांची प्रकृती, अश्व रिंगणात सरळ धावेल की बिथरेल. दोन्ही प्रतीक्षांत ज्ञात आणि अज्ञात मिसळलेले आहे. फरक पडतो तो त्या मिश्रणातून कोणता भाग लिहिला जातो यात. वृत्तपत्राने अज्ञाताचा भाग लिहिला, कारण उद्याचा अंक त्यावर खपत होता. संप्रदायाने ज्ञाताचा भाग जपला, कारण परंपरा त्यावर टिकत होती. बार्थचे महाकाव्य आणि आपले सोहळ्याचे वर्णन ही दोन्ही या निवडीची अपत्ये आहेत, आणि वळणावरच्या माणसाचा अनुभव दोहोंपेक्षा मोठा आहे.

जानेवारी २०२६ मध्ये या मुलखात दोन्ही परंपरा एकाच रस्त्याच्या जाळ्यावर आल्या. पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाच्या दिनदर्शिकेतली, पाच दिवसांची, ४३७ किलोमीटरांची शर्यत पुणे जिल्ह्यात झाली, आणि तिचा एक टप्पा पुरंदरच्या उंचवट्यावरून निघून बारामतीत संपला. बारामतीकरांच्या वाट्याला चढ आला नाही, शेवट आला. म्हणजे जनेतच्या भाषेत सारांश. घोळका ज्या वेगाने शहरात शिरतो त्या वेगात चेहरा ओळखू येत नाही. आषाढात याच तालुक्यात जे लोक चालत्या रथाची वाट पाहतात त्यांना हा वेग किती वेगळा वाटला असेल, याची कल्पना करता येते. दरम्यान पाटसपासून बारामती-इंदापूरमार्गे तोंडले-बोंडलेकडे जाणाऱ्या पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची कोनशिला ८ नोव्हेंबर २०२१ रोजी बसवली गेली आहे. रस्ता रुंदावला की चढण सौम्य होते आणि प्रेक्षकाची बसण्याची जागा हलते. बोरघाटातही २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यावर बरीचशी वाहतूक जुन्या रस्त्यावरून उठून गेली. सायकलीला नव्या मार्गावर मज्जाव असल्याने शर्यतीचा घाट जुनाच राहिला, शिंग्रोबाच्या देवळावरून जाणारा.

२०२६ च्या शर्यतीचे चित्रीकरण झाले आहे. रोटी घाटातला रथही आता दरवर्षी आकाशातून टिपला जातो. मुंबई–पुणे शर्यतीच्या जुन्या दशकांत बोरघाटाच्या वळणांवर जे उभे राहत त्यांचे मात्र काहीच टिपलेले नाही. कोण राजा होईल याविषयी ते आपसांत काय बोलत, कोणत्या वळणाला कोणते नाव देत, घाट चढून गेलेल्या शेवटच्या सायकलपटूसाठी थांबत की पहिला गेल्यावर उठत, हे विचारायचे तर खोपोली-खंडाळ्याच्या सत्तरी-ऐंशीतल्या माणसांनाच विचारावे लागेल, आणि ते काम अजून कोणी हाती घेतलेले नाही.